उंबरठ्याचे बारा लाख

आमच्या गॅलरीत, कपाटाच्या मागे, सागाची एक फळी उभी आहे. पन्नास इंच लांब, पाच इंच रुंद, दोन इंच जाड. जुन्या साडीत गुंडाळलेली. सुनीताला — माझ्या बायकोला — मी सांगितलंय की विलासच्या घराचं फर्निचर झालं त्यातून ती उरली, पुढेमागे शेल्फला होईल. साडी कोणाची, असं तिने एकदा विचारलं होतं. सुताराने गुंडाळून दिली, म्हणालो. दोन्ही खोटं आहे. पाच वर्षं ती फळी तिथे आहे आणि ती कशाची आहे, हे माझ्या तोंडून आजवर एकाही माणसाने ऐकलेलं नाही. तुम्ही पहिले.

सरळ सांगून टाकायला हवं, कळतंय. पण आधी मी कोण ते थोडं सांगतो. त्याशिवाय मी काय केलं याचं माप तुम्हाला लागणार नाही.

अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. तयार झालेला पार्ट माझ्या टेबलावर येतो. मी मोजतो. मापात बसला तर हिरवं लेबल, नाही बसला तर लाल. एकतीस वर्षं हेच. माझ्या लाल लेबलावर सहसा कोणी वाद घालत नाही, कारण चांगल्या मालाला मी कधी लाल लेबल लावलेलं नाही — असं मीही सांगत असे, लोकही सांगत.

त्यामुळे नात्यात कोणाला घर घ्यायचं असलं की मला घेऊन जातात. एकदा बदलापूरला एका बिल्डरचा नमुन्याचा फ्लॅट पाहायला गेलो होतो. बेडरूम फार ऐसपैस दिसत होती. मी खिशातून टेप काढून पलंग मोजला. साडेपाच फूट! खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच छोटा करून घेतलेला. विलास तिथल्या पोरीला म्हणाला, "मॅडम, पाय कापून झोपायचं की मान?" तो किस्सा पुढे प्रत्येक लग्नात सांगितला गेला. भाऊजींच्या नजरेतून काही सुटत नाही — हे वाक्य तेव्हापासून मला चिकटलं. आणि मला ते आवडायचं. खूप आवडायचं, हेही इथेच लिहून ठेवतो.

विलास म्हणजे सुनीताचा धाकटा भाऊ. उल्हासनगरला त्याचं जीन्स शिवायचं काम. दोन गाळ्यांतला एक त्याने विकला आणि त्याला बंगल्याचे वेध लागले. फ्लॅट नको, स्वतःचं गेट पाहिजे. त्याची एकूण झेप, कर्ज धरून, एक कोटी सत्तर लाखांची. त्यापुढे एक रुपया नाही, हे मला त्याने आधीच सांगितलं होतं.

बंगला बदलापूर पश्चिमेला होता, मांजर्लीच्या पुढे. मालक काथोडशेठ. मूळ मोरिवलीचे, शेतकरी. जमिनीचे पैसे आले तेव्हा दुसऱ्यांसारखी गाड्यांची रांग न लावता त्यांनी हे घर बांधलं होतं. आर्किटेक्टने नकाशा काढला, पण प्रत्येक भिंतीपाशी स्वतः उभं राहून. सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी अकराच्या सुमारास, आम्ही दोघं तिथे गेलो.

मी पहिल्यांदा जोतं पाहिलं. त्या भागात घर पाहताना आधी खाली बघायचं, मग वर. जोतं पाच फुटांचं होतं. शेजाऱ्यांना विचारलं — पुराच्या वर्षी पाणी कुठवर आलं? तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणाले. पायऱ्या दहा. म्हणजे माणसाने हिशेबाने बांधलं होतं.

आणि पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प. चार फूट रुंद. कंपाउंडच्या भिंतीला धरून लांब जायचा, वळायचा, परत यायचा, पुन्हा वळायचा आणि ओट्याशी लागायचा. मी टेप लावली. एकूण साठ फुटांच्या वर. पाच फूट चढायला साठ फूट — एकास बारा. एवढा अचूक उतार मी हॉस्पिटलांतही पाहिलेला नाही. वळणाच्या जागी सपाट चौक सोडलेला, पाच बाय पाच. गाडी वळायला तेवढाच लागतो — म्हणजे कोणती गाडी, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं.

"यो रॅम्प सामान चढवाला बरा परतो," काथोडशेठ म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

मग दार. सागाचं, एकफळी, चार फुटांहून थोडं जास्त. आत इटालियन मार्बल. हॉलमध्ये छताला लाकडी नक्षी, राजस्थानी कारागिरांनी चार महिने बसून केलेली. हे सगळं शेठ हौसेने दाखवत होते. पण मी खाली पाहत होतो, कारण माझी नजर सवयीने सांध्यांवर जाते. आणि सांधाच नव्हता. बाहेरची फरशी आणि आतला मार्बल एका पातळीत, दाराखालून सलग गेलेले. उंबरठा नव्हता. मुख्य दाराला नाही, आतल्या एकाही दाराला नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दाराबाहेर दोन बोटांची जाळीची पन्हळ आणि दाराला खालून रबराची पट्टी. बोट फिरवलं तरी कळणार नाही असं काम.

स्वयंपाकघरात ओटा अठ्ठावीस इंचांवर. नेहमी चौतीस असतो. शेगडीखाली कपाट नाही, मोकळी जागा सोडलेली — गुडघे आत जातील एवढी.

"बायकोची उंची कमी हाय आमच्या," शेठ म्हणाले.

त्यांची बायको तिथेच दारात उभी होती. हिराबाई. माझ्याएवढी उंच. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि चहाचं पाणी ठेवायला वाकली. कमरेतून चांगलंच वाकावं लागत होतं तिला.

लाइटची बटणं अडीच फुटांवर. तळमजल्याच्या बाथरूममध्ये भिंतीला स्टीलच्या दांड्या. लिफ्ट होती, वर फक्त एकच मजला असताना. आणि हॉलमध्ये देवघराशेजारी एका मुलीचा फोटो. तेवीस-चोवीस वर्षांची, हसणारी, कुरळ्या केसांची. फोटो कमरेपर्यंत कापलेला होता, पण खांद्यामागे खुर्चीच्या पाठीचं काळं रेक्झिन दिसत होतं. फोटोला हार.

तुम्हाला समजायला किती वेळ लागला? मला दहा मिनिटं लागली. त्या घरातल्या प्रत्येक मापाला एकच कारण होतं आणि ते कारण आता फोटोत होतं. आणि तो बाप ते कारण तोंडाने काढू शकत नव्हता. रॅम्प सामानाचा, ओटा बायकोचा, दांड्या पाहुण्यांसाठी, लिफ्ट म्हातारपणासाठी — प्रत्येकाला त्याने एकेक सबब तयार ठेवली होती.

मी मनात बेरीज केली. जागा, बांधकाम, साग, मार्बल, लिफ्ट. एक कोटी ऐंशीच्या आसपास. ते मागत होते एक कोटी पंच्याऐंशी. म्हणजे माणूस खरं मागत होता. आणि खरं सांगू — त्या घराची नुसती बाजाराची नव्हे, पूर्ण किंमत त्या दिवशी मला कळली होती. दुसरा कोणी आला असता तर म्हणाला असता, काय विचित्र घर आहे. मला एकेक इंच वाचता येत होता. एकतीस वर्षांत इतकं बिनचूक काम मी पाहिलेलं नाही. त्याला हिरवं लेबल लावायला मी हात जोडून उभं राहायला हवं होतं.

चहा आला. सोफ्यावर बसून बोलणी सुरू झाली.

खरे दोष मी काढले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पश्चिमेच्या भिंतीची ओल, कमी पडणारा विजेचा लोड. चार लाख. काथोडशेठनी एक शब्द न बोलता मान्य केले. एक एक्याऐंशी. मग ते थांबले. विलासने दोन वेळा घासाघीस करून पाहिली. "शेठ, थोडा जवळ या ना. कॅश फ्लो टाइट आहे धंद्यात." शेठ म्हणाले, "यापेक्षा खाली नाय जमनार. लई जीव लावून बांधलंय." विलासने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ होती. भाऊजी, काढा ना काहीतरी.

अकरा लाखांचं अंतर होतं. मी उठू शकलो असतो. विलासला म्हणू शकलो असतो, घर चांगलं आहे, किंमत बरोबर आहे, आपल्याला झेपत नाही, चल. माझं काय जाणार होतं? ते घर माझं होणार नव्हतं. दलाली मिळणार नव्हती. मग काय होतं? एवढंच — की मला आणलं होतं आणि माझ्याकडून काही निघालं नाही, असं होऊ द्यायचं नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. आम्ही बौद्ध. छप्पन्नच्या दीक्षेनंतर माझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, दारावरची लिंबू-मिरची काढली आणि उंबरठ्याला हळदकुंकू लावणं बंद केलं. त्या उंबरठ्यांशी त्यांचं जुनं नातं होतं. गावात लोकांच्या उंबरठ्याबाहेर उभं राहून ते वाढले होते. आत पाय टाकायची मुभा नव्हती. आमच्या घरात शकुन-अपशकुन असलं काही मी लहानपणापासून ऐकलेलं नाही. विहारात अंधश्रद्धेवर दोन-तीनदा बोललोही आहे मी, कागद न घेता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि त्या सोफ्यावर बसून मी काय बोललो?

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "शेठ, एक अडचण आहे. घराला उंबरठा नाही. आमच्यात बिनउंबरठ्याचं घर घेत नाहीत."

आमच्यात.

विलासने माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर वाटलं, तो हसणार. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने गंभीर चेहरा करून मान हलवली. "हां, ते एक मोठं आहे. घरचे ऐकणार नाहीत."

काथोडशेठनी तोंड उघडलं. सबब शोधत होते, दिसत होतं. रॅम्पला सापडली, ओट्याला सापडली — उंबरठ्याला सापडेना. मला ते माहीत होतं. म्हणून तर मी तिथे बोट ठेवलं होतं. उत्तर द्यायचं तर मुलीचं नाव घ्यावं लागणार होतं. आणि तो माणूस ते नाव घेणार नाही, हे मी घर हिंडताना तपासून घेतलं होतं. कुठला पार्ट कुठे दाबला की वाकतो ते जसं तपासतात, तसं.

एवढ्यावरच थांबलो असतो तर ती घासाघीसच राहिली असती. हलकी, पण घासाघीस. पण हिराबाई दारातून म्हणाली — साधा प्रश्न, भांडायला नाही — "उंबरठा नसला तं काय होतं, दादा?"

काही होत नाही. ओठांवर यायला हवं होतं. काही होत नाही, ताई, लाकडाची पट्टी असते ती.

मी म्हणालो, "घरातलं माणूस टिकत नाही, म्हणतात."

तुम्ही हे वाक्य पुन्हा वाचा. मी ते किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही — माझ्याच आवाजात. मला 'लक्ष्मी टिकत नाही' म्हणायचं होतं. लोक तेच म्हणतात. मग 'माणूस' कसं आलं तोंडात? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की जीभ घसरली. नाही घसरली. लक्ष्मीवर दोन-तीन लाख सुटले असते. अकरा लाखांना तेवढं वजन पुरलं नसतं.

हिराबाई खाली बसली. स्टुलावर नाही, जिथे उभी होती तिथेच, दाराच्या मधोमध, जिथे उंबरठा असायला हवा होता तिथे. तिचा हात मार्बलवर फिरत होता.

काथोडशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक एकोनसत्तर. बस. आता काय बोलू नका."

विलासला वाटलं, आपण जिंकलो. बारा लाख सुटले. गाडीत बसल्यावर तो स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "भाऊजी, कडक! काय फेकलात! उंबरठा! मला तर हसू आवरेना." मी हसलो. होय, हसलो. पण मला तेव्हाही कळलं होतं की शेठनी ते बारा लाख उंबरठ्याचे सोडले नव्हते. ते मला गप्प करायचे होते. बायकोसमोर मी आणखी एक वाक्य बोलू नये म्हणून त्या माणसाने बारा लाख दिले.

घरी सुनीताने विचारलं, एवढे कसे कमी केलेत? मी गच्ची, ओल, लोड सांगितलं. तिने शेजारणीला फोन करून सांगितलं. आमच्या घरात अभिमानाने सांगायच्या गोष्टी फार नाहीत.

महिन्याभराने रजिस्ट्रेशन झालं. घर दोघांच्या नावावर होतं. शेठनी सही केली, हिराबाईने अंगठा दिला. सह्यांआधी कारकुनाने विलासचं पूर्ण नाव वाचलं, आडनावासकट. काथोडशेठनी मान वर केली. आमच्या भागात आडनावावरून माणूस कळतो, त्यांनाही कळला. विलासकडे नाही पाहिलं त्यांनी. माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. जत्रेतून आणलेली वस्तू घरी येऊन फुटकी निघाली की माणूस जसा पाहतो, तसं. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली. मी साक्षीदार होतो. त्यांच्या सहीखाली माझी सही आहे.

इथपर्यंतचं कोणाला सांगितलं असतं तर कदाचित लोक म्हणाले असते — अरे, व्यवहारात चालतं. मी हे कोणाला सांगितलं नाही ते यामुळे नाही. पुढच्यामुळे.

विलास राहायला गेला. वंदना झाली, भोजन झालं. उंबरठा अर्थातच कोणी बसवला नाही. त्याची पोरं त्या रॅम्पवरून सायकल सोडायची. आठ-नऊ महिने गेले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं तेव्हा विलासचं कुटुंब सासरवाडीला गेलं होतं, म्हणून मजुरांवर लक्ष ठेवायला मी सुट्टी टाकून थांबलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास गेटशी रिक्षा थांबली. हिराबाई उतरली. खांद्यावर काहीतरी लांब, साडीत गुंडाळलेलं.

दहा पायऱ्या समोर होत्या. ती रॅम्पने आली. साठ फूट, दोन वळणं घेऊन, खांद्यावर वजन असताना. मी वर उभा राहून पाहत होतो. मला खाली जाऊन तिच्या खांद्यावरचं घ्यायचं सुचलं नाही.

ती दाराबाहेरच बसली. आत या म्हणालो, नको म्हणाली. पाणी दिलं. साडी सोडली. उंबरठा होता. घराची दारं केली त्याच सागातला उरलेला तुकडा. मोरिवलीच्या सुताराकडून तिने रंधा मारून घेतला होता आणि दोन्ही टोकांना हळदीकुंकवाची बोटं लावली होती.

"मापाचा हाय," ती म्हणाली. "दाराचं माप माज्या ध्यानात होतं."

 ती बोलत राहिली, फळीवरून हात फिरवत. उंबरठा काढायला तिनेच लावलं होतं. घर बांधताना शेठनी मुख्य दाराला बसवला होता. बाकी कुठे नको, पण इथे तरी असावा म्हणून. दीपालीची — मुलीचं नाव दीपाली — खुर्ची तिथे अडायची. प्रत्येक वेळी कोणीतरी मागून उचलून द्यायचं. पोरीला ते नको व्हायचं. लोक आले की ती बाहेरच यायची नाही. "मंग मीच बोलले मालकांना, काढून टाका. ते नको बोलत होते. मी भांडले. काढला. त्या दिसाला ती एकटी भायेर आली, ओट्यावर. हिकडून तिकडं, हिकडून तिकडं, धा वेळा. आन दोन वर्सांनी दुखन्यानं गेली."

तिने डोळे पुसले नाहीत. फळीकडे पाहत होती.

"मालक बोलतान, ती मानसं खोटं बोलली, त्यांच्यात उंबरठा मानत नाय. मी बोलले, असं कोन कशाला बोलेल? येवढा शिकलेला मानूस. घरात पोरं हायेत ना तुमच्या? म्हून आनला." मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यात लागतो ना, दादा?"

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नाही. तिच्या नवऱ्याने खरं उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं. मला फक्त होय म्हणायचं होतं, शेठ बरोबर बोलतात. मी खोटं बोललो, ताई. पैशासाठी बोललो. उंबरठ्याने कोणी जगत नाही की मरत नाही. तुम्ही तो काढलात म्हणून तुमची मुलगी एकटी ओट्यावर आली, एवढंच झालं. बाकी आजाराने झालं.

वर गच्चीत मजुरांचं बोलणं चालू होतं. आम्ही दोघंच होतो. ऐकायला कोणी नव्हतं. ती मारणार नव्हती, ओरडणार नव्हती. जास्तीत जास्त काय झालं असतं? तिला कळलं असतं की समोरचा शिकलेला माणूस हलका आहे. बस. एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात — आपण आपली पोर मारली, हा तिचा समज. मी मोजमापाचा माणूस.

मी म्हणालो, "हो. लागतो."

तिने मान हलवली. दोनदा. शंका उरली होती ती मिटली, असं. मग उठली, दाराच्या फरशीला हात लावून नमस्कार केला आणि रॅम्पनेच खाली गेली.

फळी मी रिक्षात घालून घरी आणली. विलासकडे ठेवली असती तर तो हसला असता. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी तो आजही एक भारी किस्सा आहे. चारचौघांत सांगत नाही, एवढंच. मला मात्र घरी हौसेने बोलावतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. त्याची धाकटी जेवताना म्हणाली, "मामा, किचनच्या ओट्याशी मी बसून पोळ्या लाटते, किती मस्त आहे." मी ताटात पाहत राहिलो. विलास म्हणाला, "अरे, भाऊजींनी शोधलेलं घर आहे." वाढताना सुनीताच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान होतं.

काथोडशेठ दोन वर्षांपूर्वी वारले. मला कळलं होतं. गेलो नाही. म्हणजे खरं काय ते सांगणारा जो एक माणूस तिच्या घरात होता, तोही आता नाही.

हिराबाई मोरिवलीच्या जुन्या घरी राहते. ते माझ्या कामावर जायच्या रस्त्यावर आहे. सकाळी पावणेनऊला मी स्कूटरने तिथून जातो. घराला उंच, जुना, लाकडी उंबरठा आहे. बहुतेक दिवशी तो नुकताच पुसलेला असतो, ओला. त्यावर हळदीकुंकू आणि पांढरी रांगोळी. कधी ती आतल्या बाजूला बसलेली दिसते. माझं हेल्मेट असतं, तिला ओळखू येत नसणार. दुसऱ्या रस्त्याने गेलो तर चार मिनिटं जास्त लागतात. तो रस्ता मी धरत नाही. का, ते मला सांगता येत नाही. थांबतही नाही, हे मात्र सांगता येतं. आठवड्याचे सहा दिवस, पाच वर्षं. एकदाही नाही.

तिला जे ऐकायचं होतं ते तीन शब्दांचं आहे. आमच्यात लागत नाही. मी ते इथे लिहिलं.

तिला वाचता येत नाही.